यमुताईची सव्वीस मतं

यमुताईला माणसांचा राग फार लवकर येई. तिचं म्हणणं, त्यात तिचा काही दोष नाही, माणसंच तशी आहेत. ती भिवापूरची लेक, म्हणून तिच्या रागाचा विषय निघाला की मागोमाग तिथल्या मिरचीचाही निघे, आणि मग ती आणखीच चिडे.

इतवारीच्या पलीकडे विणकरांच्या वस्तीत तिचं घर होतं. नवरा गिरिधर माग चालवी, ती कांड्या भरी. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. लुगडं गडी विणतो असं लोक म्हणतात, पण घरातली बाई दिवसभर चरख्याशी बसून कांड्या भरत नसेल, तर त्याचं विणणं वीतभरसुद्धा सरकायचं नाही. तरी विणकरांच्या सोसायटीत सभासद सगळे पुरुष. सूत त्यांच्या नावानं मिळे, लुगडं त्यांच्या नावानं जमा होई, आणि सभेत हातही त्यांचाच वर होई.

यमुताई सातवी शिकलेली. सोसायटीचे अध्यक्ष चंपतराव तिचे थोरले भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, त्यामुळे नियमांची पुस्तिका घरातच होती. पासष्ट साली एका दुपारी तिनं ती पहिल्या पानापासून वाचून काढली. विणकामात असलेली कोणीही सज्ञान व्यक्ती सभासद होऊ शकते, असं त्यात छापलेलं होतं. पुरुषच पाहिजे, असं कुठंच नव्हतं.

मग तिनं बायका गोळा करायला घेतल्या, आणि तिच्या वैतागाला खरी सुरुवात झाली. एक म्हणे, यायले विचारून सांगतो. एक सकाळी अंगठा उठवून गेली आणि सासूनं डोळे वटारले म्हणून संध्याकाळी अंगठा परत मागायला आली. एकीनं अर्ध्या तासाचं बोलणं मन लावून ऐकलं आणि विचारलं, सभासद झालं की साखर भेटते का? बायकांचे सभासदत्वाचे अर्ज मंजूर करून घ्यायला सीताबर्डीच्या सहकार खात्यात यमुताई तीनदा चालत गेली, आणि तिन्ही वेळा तिथला कारकून म्हणाला, यजमानांना पाठवा. चौथ्यांदा ती गिरिधरला घेऊनच गेली. तो तोंडातून अक्षर न काढता शेजारी उभा राहिला आणि काम झालं. त्याचा तर तिला सगळ्यात जास्त राग आला.

भीमाबाई नावाची म्हातारी एकटी अकरा वेळा नाही म्हणाली. वस्तीतल्या निम्म्या बायका तिचं ऐकायच्या, म्हणून तिला सोडून चालत नव्हतं. यमुताईनं अकराही वेळा तेच सांगितलं, की मावशी, आपलं मत आपण द्याचं, दुसऱ्यानं आपल्यासाठी काहून द्याचं? बाराव्या वेळी भीमाबाईनं अंगठा दिला. दोन वर्षांत, तिला धरून, अशा सव्वीस झाल्या.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात कवडू विणकर छातीच्या दुखण्यानं गेला. मागं बायको कौशल्या आणि दोन लहान मुली. नवरा आजारी होता तेव्हा आठ महिने मागावर कौशल्याच बसत होती, आणि तिची लुगडी कवडूच्या नावानं सोसायटीत बिनबोभाट जमा होत होती. पण तो गेल्यावर वस्तीच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या वाट्याचं सूत थोरल्या भावाकडे, देवाजीकडे, जाणार होतं. देवाजी म्हणाला, मी काय उपाशी ठेवतो का भावाच्या बायकोले? माग माह्या घरी आणतो, तिनं कांड्या भराव्या. म्हणजे कौशल्यानं जन्मभर त्याच्या घरी, त्याच्या बायकोच्या हाताखाली बसायचं. यमुताईनं ठराव लिहून दिला, की कवडूचा माग आणि त्याचं सूत कौशल्याच्या नावावर करावं.

सभा मारुतीच्या देवळात होती. पुढं पुरुष, मागं सतरंजीवर सव्वीस जणी. आठ दिवस यमुताईनं सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं, की अध्यक्षांनी विचारलं की हात वर करायचा, बाकी काही करायचं नाही. सेक्रेटरी वामनरावांनी ठराव वाचला. चंपतराव म्हणाले, ज्यायले मंजूर असन, त्यायनं हात वर करा.

पुढं कुणाचा सासरा होता, कुणाचा भासरा. काहींनी मान वळवून मागं पाहिलं. सव्वीस हात वर निघाले खरे, पण डोक्यापर्यंत गेले, पदर नीट केला आणि खाली आले. यमुताईचासुद्धा. समोर चंपतराव बसलेले. त्यांच्यापुढे तिनं बावीस वर्षांत डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. हात उठला तेव्हा ठरावासाठीच उठला होता. मध्येच त्याला काय झालं, ते तिला कळलं नाही.

पुरुषांतले चार हात वर होते. वामनरावांनी लिहून घेतलं, की स्त्री सभासदांपैकी कोणीही अनुकूल नाही. देवाजी हसून म्हणाला, बाया पदर सांभाळाले आल्या होत्या वाट्टे.

बाहेर पडल्यावर बायका एकमेकींवर ढकलू लागल्या. तू केला असता तर मीही केला असता. कौशल्यानं यमुताईजवळ येऊन एवढंच विचारलं, "पोळ्याच्या आत माग उचलून नेतो म्हणते भासरा. आता काय करू, बाई?"

यमुताईला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही. मंगळवारी ती नेहमीप्रमाणे टेकडीच्या गणपतीला गेली. आरतीला उभी राहिली, तर आजूबाजूच्या सगळ्या बायकांचे हात डोक्याच्या वर, टाळ्या वाजताहेत, पदराकडे कुणाचं लक्ष नाही. ती देवाला मनातल्या मनात म्हणाली, तुझ्यापुढे हात वर होतो, आणि त्या चंपतरावांपुढे होत नाही. ते का तुझ्याहून मोठे? टेकडी उतरताना तिच्या डोक्यात आलं, की हात वर होत नसेल, तर तो वर करायची गरज कशाला?

घरी आली तर चंपतराव ओसरीवर सुपारी कातरत बसलेले. भासऱ्याशी तोंडानं बोलायची रीत नव्हती. ती दारामागं उभी राहिली आणि मध्ये बसलेल्या गिरिधरला म्हणाली, "त्यायले सांगा, मत गुप्त घ्या म्हणावं. पुस्तिकेत हाय, एकोणिसावा नियम. दहा सभासदायनं लिहून मागितलं, तं पुन्हा सभा घेऊन गुप्त मत घ्याच लागते."

गिरिधरनं भावाकडे पाहिलं. भावानं सगळं ऐकलं होतं.

चंपतराव म्हणाले, "तिले सांग, निम्म्या लोकायले लिहिता येत नाही. चिठ्ठीवर काय रेघा ओढतीन?"

"त्यायले सांगा, चिठ्ठी कायले पायजे? लाल कांडी म्हणजे हो, पांढरी म्हणजे नाही. एकएकट्यानं आत जाऊन मडक्यात टाकाची."

"अन् कांडी कोणाची हाय, ते कसं समजन?"

गिरिधर म्हणाला, "दादा विचारते, कांडी..."

"ऐकलं मी," यमुताई फणकारली. "समजूच नाही, म्हणून तं म्हणून राहिली."

चंपतरावांचा एक गुण होता. बाईमाणसाचं ऐकायचे नाहीत, पण छापलेल्या नियमाचं ऐकायचे. त्यांनी पुस्तिका मागवून घेतली, एकोणिसावा नियम दोनदा वाचला आणि सुपारी तोंडात टाकली. दहा जणींचा अर्ज दुसऱ्या दिवशी गेला. सभा होईपर्यंत मागाला कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी देवाजीला बजावलं. तेवढ्यासाठी यमुताईनं त्यांना मनातून नमस्कार केला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणाऱ्या बाईचा पुतळा, वाजतगाजत निघाली, जळली, आणि त्यापुढच्या रविवारी सभा भरली. यमुताईला येताना पाहून देवाजी मोठ्यानं म्हणाला, मारबत तं आपण परवाच जाळली, हे कुठून आली गा? पुरुष हसले. दोन-चार बायकाही पदराआड हसल्या. त्या कोण, ते यमुताईनं ध्यानात ठेवलं.

पुजाऱ्याच्या खोलीत फडक्यानं तोंड बांधलेली दोन मडकी ठेवली होती. प्रत्येकाला दारात एक लाल आणि एक पांढरी कांडी मिळे. आपलं मत उजवीकडच्या मडक्यात, उरलेली डावीकडच्या. दोन्ही कांड्या एकाच मडक्यात टाकल्या, असं एका गड्यानं बाहेर येऊन सांगितलं, म्हणून सगळं उपसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. हे इतकी वर्षं मत देणारे, यमुताई पुटपुटली. बायका पदर डोक्यावर ठेवून एकेक करून आत गेल्या आणि बाहेर आल्या.

वामनरावांनी सगळ्यांसमोर उजवीकडचं मडकं पालथं केलं. सभासद त्र्याहत्तर. लाल अडतीस, पांढऱ्या पस्तीस. चंपतरावांनी ठराव मंजूर म्हणून सांगितलं. देवाजी चपला पायात अडकवून निघून गेला.

कौशल्या खाली बसून रडायला लागली. यमुताई म्हणाली, उठ वं, अजून सूत हातात यायचं हाय.

सोमवारी सूतही आलं. देवाजीनं अडवायचा प्रयत्न केला नाही; फक्त आपली बायको पुढं वर्षभर कौशल्याशी बोलणार नाही, याची काळजी त्यानं घेतली.

यमुताईचं मन मात्र हिशेबात अडकलं. सव्वीस बायका, म्हणजे पुरुषांतले बारा जण आपल्याकडे आले. कोण असतील? रात्री ताट वाढताना तिनं गिरिधरला विचारलं, तुम्ही कोणती टाकली? तो म्हणाला, गुप्त हाय. एरवी चार शब्द जोडून न बोलणारा माणूस. तिनं भाताचं पातेलं आपटलं.

चार दिवसांनी भीमाबाई वाटेत भेटली. यमुताई कौतुकानं म्हणाली, मावशी, तुमच्यामुळं झालं.

भीमाबाई म्हणाली, "माह्यामुळं कायचं? म्या तं पांढरी टाकली."

यमुताईला आपण नीट ऐकलं असं वाटेना. "काहून?"

"जवान बाई, एकटी मागावर बसन, एकटी सोसायटीत जाईन. मले नाही पटत."

"मग दोन घंटे रांगेत काहून उभ्या होत्या, मावशी? घरी बसाचं होतं."

"मत द्याले," भीमाबाई म्हणाली. "बारा खेपा तूच तं सांगून राहिली होती, आपलं मत आपण द्याचं म्हणून."

भीमाबाई पुढं निघून गेली. यमुताई पुन्हा मोजू लागली. म्हणजे अशा आणखी किती असतील? आणि मग पुरुषांतले बाराहूनही जास्त? आता विचारायची सोय नव्हती, ती तिनंच बंद केली होती.

नंतर चौदा वर्षं ती सोसायटीत होती, त्यातली सहा कमिटीवर, आणि चौदाही वर्षं तिचं कपाळ आठ्यांनी भरलेलं असे. सदुसष्टच्याच दिवाळीआधीची गोष्ट. काठ वाकडा गेला म्हणून सोसायटीनं कौशल्याचं लुगडं परत केलं. ती ते काखेत मारून यमुताईकडे आली. माग कवडूच्या नावावर असताना असंच लुगडं दोनदा घेतलं होतं, म्हणाली.

यमुताईनं काठ उलटापालटा करून पाहिला. वाकडा होताच.

"वाकडा हाय वं."

"तवाही वाकडाच होता."

"मग मले काय सांगते? तुह्या नावाचं सूत, तुह्या नावाचा माग. सभेत जाऊन सांग."

"सभेत? भासऱ्यासमोर?"

यमुताईनं चरखा जवळ ओढला आणि कांडी भरायला घेतली. सांगायचं ते सांगून झालं होतं. कौशल्यानं लुगड्याची घडी पुन्हा घातली आणि म्हणाली, "सभा कवा हाय?"