बेटावरचा आपटा

दसऱ्याला मोहन वाकोड्यांच्या वाटेला जायला अख्खं अयोध्या नगर भितं. सोनं म्हणून पान पुढे करावं, तर हे गृहस्थ ते उलटंपालटं करून म्हणणार, "हा कांचन आहे. आपट्याचं पान लहान, जाड असतं. न्या परत." मूळचे वर्ध्याचे, नोकरी कारखान्यात फिटरची, पण ऐट अशी की झाडांना नावं जणू यांनीच ठेवली.

निवृत्तीनंतर बायकोचं डोकं खाऊन झालं, मग ते शहराबाहेरच्या तलावातल्या बेटाकडे वळले. तिथल्या अभयारण्यात परकी सुबाभूळ उपटून इथलीच झाडं पुन्हा लावणं चालू होतं. वाकोड्यांनी आपटा लावायचं काम मागून घेतलं. तीन उन्हाळे तलावाचं पाणी डब्यांनी टेकाडावर चढवलं. रोपं डोक्याएवढी उंच झाली, तेव्हा हा खवचट माणूस त्यांच्याशी बोलताना मी पाहिला. मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

पण गणपतीत मंडळाच्या स्टेजवर माइक वाकोड्यांच्या हाती आला आणि जीभ सुटली. "खरा आपटा बघायचाय? दसऱ्याला बेटावर चला."

आम्ही गेलो. दोन होड्या भरून, आणि जवळपास प्रत्येकाकडे पिशवी. नुसतं बघायला कोण येतं? पिशव्या पाहून वाकोड्यांचा चेहरा उतरला. ओरबाडलेली कोवळी झाडं पुढचा उन्हाळा काढणार नव्हती, आणि नको म्हटल्यावर ऐकणारी आमची जमात नव्हे.

मंडळाच्या अध्यक्ष विजयाताईंनी फांदी वाकवली. "वाकोडे, हाच ना तुमचा आपटा?"

"नाही हो," वाकोडे म्हणाले. "कांचन निघाला. मला ओळखता नाही आलं."

एकच हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "तीन साल कांचनला पानी पाजलं तुम्ही? कमाल आहे. कांचन तर जवाहर चौकात ढिगानं मिळतो." पिशव्या रिकाम्याच परतल्या. झाडाकडे नीट बघण्याची तसदी एकानंही घेतली नाही, याचा मला अजून राग येतो. सगळं ठाऊक असलेल्या वाकोड्यांच्या अनुराधा वहिनी होडीत नवऱ्याला अगदी खेटून बसल्या होत्या.

काठावर उतरल्यावर विजयाताईंनी पिशवीतलं बाजारचं भलंमोठं पान काढलं. "घ्या सोनं, एक्स्पर्ट."

वाकोड्यांनी ते उलटून पाहिलं नाही. कपाळाला लावलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.