कुंड्यांचं रिंगण

त्या वर्षी आमच्या न्हाणीघराची जाळी बोलायला लागली. आधी नुसती गुडगुड, मग एके सकाळी तिच्यातून काळं पाणी वर आलं. माझ्या लहानग्या लेकीनं टाळ्या पिटल्या, "आई, नदी!" अंगणात कुठंतरी पुरलेली सेप्टिक टँक तुंबली होती.

बेंगळुरात इंदिरानगरच्या पलीकडं, नव्वदीच्या त्या सुरुवातीच्या काळात, आमच्या वस्तीला सांडपाण्याची लाइनच नव्हती. ज्याच्या त्याच्या अंगणात ज्याची त्याची टाकी. पालिकेच्या ऑफिसात तक्रार घेऊन गेलं की साहेब भिंतीवरच्या नकाशातली लाल रेघ दाखवायचे. "लाइन बरत्ते, स्वल्प दिन," म्हणजे लाइन येईल, थोडे दिवस थांबा. लग्न करून मी पुण्याहून आले तेव्हापासून ती रेघ येतच होती. तोवर लोकांनी आपापला मार्ग काढला होता. टाकी भरली की गुपचूप एक पाइप रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडायचा. ते गटार तळ्यात जायचं, आणि तळ्याला वास सुटला की हीच मंडळी नाकाला रुमाल लावून सरकारच्या नावानं बोटं मोडायची.

माझ्या सासूबाईंचंही तेच म्हणणं. त्यांना घरात सगळे अक्का म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेलं मराठी घर. बेंगळुरातल्याच शिवाजीनगरातली भाड्याची खोली सोडून त्यांनी आणि सासऱ्यांनी इथं घर बांधलं होतं. "पाइप काढूया की आपणही. टाकी उघडायची नको," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मला त्यांचा असा राग यायचा! माझा नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, नियमाचा पक्का. त्यानं टाकी उपसणारी लॉरी सांगून ठेवली. ड्रायव्हरनं बजावलं होतं की झाकण तुम्हीच शोधून ठेवायचं. पण झाकण कुठं होतं? टाकी बांधून घेणारे सासरे आता नव्हते आणि तेव्हा माझा नवरा पाळण्यात होता. अक्कांना विचारलं तर "मला काय ठाऊक?" म्हणून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

अंगणाच्या मधोमध तुळशीवृंदावन होतं आणि त्याच्याभोवती कुंड्यांचं रिंगण. कुंड्या इतक्या खेटून की आत पाऊल टाकायला जागा नाही. अक्का लांब नळीच्या झारीनं बाहेरूनच तुळशीला पाणी घालत. माहेरी आम्ही तुळशीला प्रदक्षिणा घालायचो, म्हणून मी एकदा विचारलं. "आमच्यात नाही," एवढंच उत्तर मिळालं. या दोन शब्दांपुढं त्या घरात कुणाचं काही चालत नसे. लेकीनं नुसता एखाद्या कुंडीला हात लावला तरी अक्का तिचा दंड धरून ओढत. मला वाटायचं, सोवळ्याचं खूळ.

लॉरी यायची त्या रविवारी नवरा पहार घेऊन भिंतीकडेनं ठोकत सुटला. सगळीकडं भरीव आवाज. मग म्हणाला, कुंड्यांखाली बघू. अक्का मागच्या दारी होत्या. आम्ही दोघांनी एकेक कुंडी उचलून भिंतीशी नेली.

लेक वाटच बघत होती. जन्मात पहिल्यांदा तिला तुळशीपाशी जायला मिळालं. ती वृंदावनाजवळ गेली आणि आनंदानं तिनं उडी मारली.

ढब्ब.

तिला तो पोकळ आवाज फार आवडला. तिनं पुन्हा उडी मारली. मी नवऱ्याकडं बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि मला सगळं कळलं. वृंदावनाच्या पायथ्यापासून एक बारीक ओली चीर तिच्या पायांखालून गेली होती. धावत गेले तर माझं वजन पडणार. हाक मारली तर ती उड्या मारत येणार. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

"स्टॅच्यू!"

अक्का मागून आल्या होत्या. पोरांचा तो खेळ त्यांना ठाऊक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. लेक जागच्या जागी थिजली, एक पाय उचललेला, हात पसरलेले.

"शाब्बास, पुट्टी. अल्लाडबेड हं. हलायचं नाही." मग मुलाकडं न बघताच हलक्या आवाजात म्हणाल्या, "शिडी आण. आडवी टाक. टाकी आहे खाली."

बांबूची शिडी दोन्ही टोकांना मातीवर टेकली. नवरा पुढं होत होता, त्याला त्यांनी मागं सारलं. "तू जड आहेस." कासोटा घालून त्या शिडीवर पालथ्या पडल्या आणि इंचाइंचानं सरकल्या. शिडी करकरली. लेकीचा उचललेला पाय थरथरत होता, पण तिनं तो टेकवला नाही. अक्कांनी तिचा फ्रॉक मुठीत धरला, तिला शिडीवर ओढलं आणि तशाच मागं सरकत आल्या. मी लेकीला हिसकून घेतलं. त्यानंतर चिरेपाशी स्लॅबचा तुकडा सुटला. तो खाली पडल्याचा आवाज जरा उशिरानं आला, आणि मागोमाग वास.

"तुम्हाला माहीत होतं!" मी किंचाळले.

अक्का मातीतच बसल्या होत्या. समोरच्या घराची टाकी नवी होती, त्या सांगू लागल्या, तेव्हा त्या घरातलं पोर खेळता खेळता आत गेलं. स्लॅब कच्चा होता. ते पाहून अक्कांनी स्वतःच्या टाकीवर तुळस बसवली. तुळशीवर कुणी नाचत नाही, कुणी स्कूटर लावत नाही.

"मग सांगायचं ना आम्हाला!"

"असलं तोंडानं बोलू नये. बोललं की घडतं."

मला त्यांचा गळा धरावासा वाटत होता आणि त्यांचे पायही. दोन्ही करता येईना, कारण हातात लेक होती. कोपऱ्यावर लॉरीचा हॉर्न वाजला, नवरा फाटकाकडं धावला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या कडेवर पोर लाकडासारखी ताठ आहे. हात पसरलेले, एक पाय अजून वर, पापणीसुद्धा लवत नव्हती.

ती ओठ न हलवता पुटपुटली, "आई, अक्काला ओव्हर म्हणायला सांग ना."

मी अक्कांकडं बघितलं. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांना रडू आवरेना.