सव्वा मीटर वायर

लहानपणापासून मी आईबाबांना कधी बरोबर चालताना पाहिलं नव्हतं. भांडण वगैरे काही नव्हतं. बाबा दहा पावलं पुढे चालायचे आणि आई दहा पावलं मागे, एवढंच. लग्नाला गेलो तरी बाबा मांडवात आधी पोचायचे. कोणी विचारलं, "वहिनी नाई आल्या?" तर मागे न बघता सांगायचे, "येऊन राह्यली." आणि आई खरंच येत असायची. आमच्या सगळ्या नात्यात पुरुष असेच चालायचे, त्यामुळे यात काही वेगळं आहे असं मला वाटायचं कारण नव्हतं.

सीडी प्लेअर माझा होता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते सगळे विसरले. नव्वदचं दशक नुकतंच संपलं होतं. बी.एस्सी.ला पहिला वर्ग मिळाला म्हणून मावशीनं तो नागपूरहून आणून दिला होता. गोल, चंदेरी, छोट्या ताटलीएवढा. झाकणावर इंग्रजीत लिहिलं होतं की हा पंचेचाळीस सेकंदांपर्यंत धक्के सहन करतो. ते लिहिणाऱ्यानं आमच्या सिंदी मेघेचे रस्ते पाहिले नसावेत. त्याला 'पोर्टेबल' म्हणायचे, पण गाणं न अडकता ऐकायचं असेल तर पलंगावर आडवं पडून, त्याला पोटावर न ठेवता शेजारी ठेवून ऐकावं लागायचं. पोटावर ठेवला तर श्वासानंही तो अडखळायचा. मे महिन्यात तापून बंद पडायचा, मग त्याला कूलरसमोर स्टुलावर बसवायचं. घरातल्या माणसांना कूलरसमोर जागा मिळत नसे आणि तिथे हा बसलेला बघून बाबा म्हणायचे, "मशीन हाय का पावना हाय?"

त्याच वर्षी बाबांना हार्ट अ‍ॅटॅक आला. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. छातीत दुखायला लागल्यावरही त्यांनी हातातली फाइल पूर्ण केली, सही केली आणि मग शिपायाला हाक मारली. सावंगीच्या दवाखान्यात आठ दिवस होतो आम्ही. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, "गोळ्या अर्धं काम करतील. अर्धं तुम्ही करायचं. रोज तीन किलोमीटर, भरभर, घाम येईपर्यंत चालायचं. नाही चाललात तर परत इथेच भेटू, पण दरवेळी भेट होतेच असं नाही."

"डॉक्टर पोरगा हुशार हाय," बाबा रिक्षात म्हणाले. आणि चालले नाहीत.

म्हणजे निघायचे रोज. पांढरे बूट घालून संध्याकाळी साडेपाचला फाटकाबाहेर पडायचे आणि पाऊण तासानं परत यायचे. बूट मात्र जसेच्या तसे पांढरे. आठवड्यानं मला संशय आला आणि मी मागोमाग गेले. बाबा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तेलाच्या पिंपावर बसून पेपर वाचत होते.

"बाबा, हे तीन किलोमीटर हाय का?"

"कामाशिवाय रस्त्यानं फिरनं जमत नाई बा मले," ते म्हणाले. "लोकं विचारते, साहेब कुठं? काय सांगू? कुठंच नाई?"

मला हसू आलं नाही. रोज पहाटे जाग आली की मी आधी त्यांच्या खोलीच्या दाराशी उभी राहून त्यांचा श्वास ऐकायचे. घोरत असले की परत येऊन झोपायचे. माणूस रस्त्यावर फिरायला लाजतो म्हणून मरणार, हे मला पटत नव्हतं. बाबांना गाण्यांचा नाद होता. भीमगीतं, कव्वाल्या, जुनी हिंदी गाणी. टेपरेकॉर्डरची वायर पुरेल तेवढ्यातच ते दाढी करायचे. म्हणून मी माझा प्लेअर दिला. बाजारातल्या एका दुकानातून त्यांच्या आवडीच्या गाण्यांची सीडी करून आणली आणि सांगितलं, गाणी फक्त रस्त्यावर, घरात नाही. हे मी फार मोठं मन करून केलं आणि तसं सगळ्यांना रोज ऐकवलंही.

पहिल्याच दिवशी बाबा दहा मिनिटांत परत आले. "तो गवई तोतरा झाला," म्हणाले.

मग प्रयोग सुरू झाले. खिशात ठेवला, मांडीला आपटून थांबला. कमरेला गमछ्यानं बांधला, आणखी वाईट. पिशवीत उशीचा अभ्रा घालून त्यात ठेवला, तर पिशवीच झोके घ्यायला लागली. शेवटी बाबांनी तो दोन्ही तळहातांवर आडवा धरला, कोपर अंगाला चिकटवले आणि मान न हलवता एकेक पाऊल टाकत निघाले. गाणं अखंड वाजलं. दोन म्हाताऱ्यांनी त्यांना पाहून हात जोडले आणि एकीनं प्रसाद मागितला. डोक्यावर हेडफोन दिसत असूनही. बाबांनी वाद घातला नाही, उद्या देतो म्हणाले.

ते आता खरंच तीन किलोमीटर चालत होते. पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत. मी खूश होते. महिन्यानं डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ लागतो?"

"दोन तास," बाबा अभिमानानं म्हणाले.

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "काका, याला चालणं म्हणत नाहीत. घाम येतो का?"

"हात दुखते," बाबा म्हणाले.

म्हणजे प्रकरण असं होतं: भरभर चाललं तर गाणं अडकायचं आणि गाणं अडकलं की बाबा थांबायचे. गाणं नीट वाजायचं तर हळू चालावं लागायचं, आणि हळू चालण्याचा काही उपयोग नव्हता. मी रागानं प्लेअर परत मागितला. बाबांनी दिला नाही. आम्ही दोघं अंगणात त्यावरून वाद घालत होतो, तेव्हा आई कपडे वाळत घालत होती. तिनं शेवटची साडी दोरीवर टाकली, हात पुसले आणि म्हणाली, "आना इकडं."

आईचं माहेर गिरडच्या बाजूचं. गावात विहीर होती, पण आमच्या लोकांसाठी नव्हती, का ते सांगायला नको. वस्तीतल्या बायका नाल्यापलीकडच्या झऱ्यावरून पाणी आणायच्या. आई आठ वर्षांची असल्यापासून डोक्यावर पाण्याचे दोन गुंड आणि कमरेवर एक घेऊन ती वाट चालायची. उन्हाळ्यात झऱ्याला वाटीवाटीनं पाणी यायचं, म्हणून सांडून चालायचं नाही. हळू येऊनही चालायचं नाही, घरी सगळे तहानलेले. त्यामुळे तिची एक चाल झाली होती. पाय भरभर आणि कमरेच्या वर सगळं जागच्या जागी. घरात नळ आल्याला वीस वर्षं झाली होती, तरी ती चाल गेली नव्हती. ती मला रोज दिसायची आणि मी कधी पाहिली नव्हती.

तिनं प्लेअर एका तळहातावर घेतला आणि अंगणात फाटकापर्यंत जाऊन आली, माझ्या धावण्याच्या वेगानं. बाबा हेडफोन लावून बाजूनं पळत होते. गाणं एकदाही थांबलं नाही.

"तुमी ऐका, मी धरतो," असं आई म्हणाली वगैरे काही झालं नाही, म्हणजे कोणी काही ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला आईनं चपला घातल्या आणि दोघं निघाले. फाटकाबाहेर पडताच बाबा सवयीनं पुढे गेले. हेडफोनची वायर सव्वा मीटर होती. तिसऱ्या पावलाला हेडफोन त्यांच्या डोक्यावरून मागे उडाला आणि आईच्या पायाशी पडला. बाबांनी उचलला, परत घातला, परत पुढे गेले, परत उडाला. पहिल्या दिवशी सात वेळा, मी फाटकातून मोजलं. चौथ्या दिवसापासून उडायचा बंद झाला.

गल्लीत अर्थात चर्चा झाली. समोरच्या काकू आईला म्हणाल्या, "काऊन वो, साहेबाले बांधून फिरवून राह्यल्या?"

"सोडलं तं पळते," आई म्हणाली.

कानावर हेडफोन असल्यामुळे बाबा ओरडून बोलायचे आणि आपण ओरडतो हे त्यांना कळायचं नाही. आईला गाणं ऐकू येत नाही म्हणून ते तिला सांगत राहायचे, आता कोणतं लागलं, आता तबला कसा आहे. पुढे पुढे गाण्याव्यतिरिक्तही. आमच्या घरी रात्री कोणती भाजी, कोणत्या भावानं पत्र पाठवलं नाही, माझ्यासाठी आलेलं स्थळ बाबांना काऊन पसंत नाही, हे सगळं पाण्याच्या टाकीपर्यंतच्या दोन्ही बाजूंच्या घरांना माहीत होतं. मी आईला म्हटलं, त्यांना हळू बोलायला सांग. "इतकी वर्षं काईच नाई बोलले," आई म्हणाली. "बोलू दे."

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि बाबांना विचारलं, काय केलंत. बाबांनी खिशातून दोन पेन्सिल सेल काढून दाखवले. डॉक्टरांना ते कळलं नाही.

मी नोकरीला पुण्याला गेले. माझं लग्न झालं, ते स्थळ नाही, दुसरं. प्लेअर मी परत मागितला नाही. चार वर्षांनी दिवाळीला घरी आले होते आणि साडेपाचला दोघं निघाले, तेव्हा कंटाळा आला म्हणून मीही मागून गेले. आईच्या हातावर प्लेअर, बाबांच्या कानावर हेडफोन, मधे वायर. बाबा काहीतरी बोलत होते, आई मान हलवत होती. मी पाच-सहा पावलांवर होते. टाकी आली, आम्ही वळलो, आणि वळल्यावर माझ्या लक्षात आलं की बाबा काय बोलताहेत ते मला ऐकू येत नाहीये.

घरी आल्यावर मी प्लेअर उघडला. सेल नव्हते. स्प्रिंगला हिरवा गंज चढला होता. सीडीही नव्हती.

"आई, हा कधीपासून बंद हाय?"

"गेल्या दिवाळीपासून," आई कांदा चिरत म्हणाली.

"बाबाले माहीत हाय?"

"त्याईच्याच कानाले असते," आई म्हणाली. "त्याईले माहीत नसन तं कोनाले असन?"

मला वाईट वाटलं. चार वर्षांत मी त्यांना एक नवं यंत्र आणून दिलं नव्हतं. लाज कमी करायचा माझा नेहमीचा मार्ग म्हणजे वस्तू आणणं, म्हणून पुढच्या खेपेला एमपीथ्री प्लेअर आणला. आगपेटीएवढा, शर्टाला चिमट्यानं लागणारा, दोनशे गाणी भरलेला. बाबांनी तो चष्मा लावून उलटसुलट पाहिला.

"हललं तं थांबते का?"

"नाई बाबा. धावलं तरी नाई थांबत."

"हातात धरा लागत नाई?"

"काईच नाई करा लागत. एकटं जाता येते."

बाबांनी तो माझ्या हातात परत ठेवला. "चांगला हाय," म्हणाले. "तूच वापर."

मला राग यायला हवा होता, मी भर उन्हात दुकानं हिंडून आणला होता. राग आला नाही, मी उगाच खोक्यातले कागद नीट घडी करत बसले. साडेपाच वाजले होते. आईनं चपला घातल्या, टेबलावरचा जुना प्लेअर तळहातावर आडवा घेतला आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. बाबांनी हेडफोन कानावर बसवला. आईनं बटण दाबलं.

"लागलं का?" तिनं विचारलं.

"लागलं," बाबा हळूच म्हणाले, आणि दोघं निघाले.