तान्ह्या पोळ्यातला पळपुटा बैल

उपदेश करायला मला फार आवडतं, हे आधीच सांगून टाकतो. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात देखभालीच्या कामात माझी उभी हयात गेली. तिथं हाताखालची माणसं माझं ऐकून घ्यायची, कारण त्यांना पळून जायला जागा नव्हती. निवृत्त होऊन महाल भागातल्या घरी बसलो आणि श्रोते संपले. शेजारी मला पाहिलं की गाडीला किक मारतात, आणि बायकोनं तर लग्नापासूनच माझं काही ऐकलेलं नाही. त्यामुळे यंदा जूनमध्ये मुलगा आणि सून बंगळुरू सोडून कायमचे इथं आले आणि सात वर्षांची नात शाळेनंतर आमच्या वाट्याला आली, तेव्हा मला आनंदाचं भरतं आलं.

पण नात बोलेचना. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात तिच्या मराठीला वर्ग हसला होता. त्या दिवसापासून घराबाहेर तिनं तोंडाला कुलूप लावलं. घरात आमच्याशी बोलायची, पण मोजकंच. पाहुणा आला की आजीच्या पदराआड. गल्लीतली पोरं संध्याकाळी धुडगूस घालायची आणि ही खिडकीचे गज धरून बघत राहायची. शाळेतून सुनेला निरोप आला की मुलगी वर्गात चकार शब्द काढत नाही. "दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर परत जाऊ," असं सून डोळे पुसत म्हणाली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. इतक्या वर्षांनी भरलेलं घर पुन्हा रिकामं व्हायची वेळ आली होती.

मग काय, दारापुढच्या ओट्यावर बसून रोज संध्याकाळी माझे वर्ग सुरू झाले.

"हे पाह्य बेटा, बोलणाऱ्याची माती विकते, अन् न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहते."

तिनं जरा विचार केला. "आजोबा, आपल्याला माती विकायची आहे?"

"नाही वं. मी म्हणून राहिलो का..."

"मग सोनं?"

आतून बायकोचं हसणं ऐकू आलं. "तुमची माती तं सकाळपासून सुरू हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी वेगळ्या बाजूनं सुरुवात केली. "लोकाले कायले भ्यायचं? लोक काय खाते का आपल्याले?"

"खात नाहीत," नात म्हणाली. "हसतात."

मी चहा मागवला.

इतक्यात भाजीवाली आली. टोपली उतरवून तिनं कौतुकानं नातीकडं बघितलं. "कितव्या वर्गात हाय वं बाई?" मी म्हणालो, "दुसरीत." "वांग्याची भाजी आवडते का?" मी म्हणालो, "नाही, तिले बटाटाच पाहिजे." भाजीवाली गेल्यावर बायको दारात येऊन उभी राहिली.

"अवो, तिच्या वाटचं सारं तुम्हीच बोलून टाकता. मंग पोरगी काय बोलन?"

"मी मदत करून राहिलो तिची!"

"नका करू."

मला राग आला. माणसानं जन्मभर बंद पडलेली यंत्रं चालू केली आणि त्याला सांगायचं, मदत करू नका! मी दोन तास रुसून बसलो. त्यातला बराचसा वेळ झोपेत गेला, हा भाग वेगळा.

पोळा जवळ आला. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा. लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत, लेकरं घरोघरी जातात. घरची बाई बैलाला ओवाळते आणि लेकराच्या हातावर बोजारा ठेवते. बोजारा म्हणजे खाऊ, चॉकलेट, कुणी एखादी नोट. मी नातीला घेऊन इतवारीच्या बाजारात गेलो. पाटावर बसवलेला, चार लाकडी चाकांचा, गुडघ्याएवढा पांढरा बैल तिनं स्वतः निवडला. म्हणजे बोट दाखवलं. घासाघीस मी केली.

बायकोनं ब्लाउजपिसाची झूल शिवली, शिंगांना बेगड लावली, गळ्यात घुंगरं बांधली. सगळं छान होतं, पण चाकं कुरकुरत होती. आता मी देखभालवाला माणूस. कुरकुरणारं चाक मला ऐकवत नाही. नातीचे बंगळुरूचे स्केटिंगचे बूट लहान होऊन माळ्यावर पडले होते. मी त्यांची बेअरिंगवाली चाकं काढली आणि बैलाला बसवली. एका बोटानं ढकललं तर बैल ओट्याच्या या टोकाहून त्या टोकाला! नात टाळ्या पिटायला लागली.

"बैल हळूच चालते," बायको म्हणाली. "दोरीले ओढा लागला पाहिजे. लेकराच्या हाताले वजन समजलं पाहिजे का आपण कोणाले तरी घेऊन जाऊन राहिलो."

"तुले यंत्रातलं काय समजते?"

"यंत्रातलं नाही. बैलातलं समजते."

तान्ह्या पोळ्याला दुपारी मारबतीची, म्हणजे गावची इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक बघून झाली आणि ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. नातीच्या हातात दोरी, मागं मी, आणि मी काय करतो ते बघायला मागं बायको. पहिल्या घरी विचारलं, "कोणाची नात वं?" मी म्हणालो, "आमची!" दुसऱ्या घरी विचारलं, "बैलाचं नाव काय ठेवलं?" नातीनं ओठ उघडले होते, हे मला बायकोनं नंतर सांगितलं. तोवर मी बैलाचं नाव, किंमत आणि बेअरिंगची माहिती देऊन मोकळा झालो होतो.

तिसरं घर आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाला. तिथून पुढं उतार लागतो, तो थेट पिंपळाच्या पारापर्यंत. घरच्या बाई ओवाळायला आल्या. बोजारा घ्यायला नातीनं दोन्ही हात पुढं केले आणि दोरी सुटली.

बैल आधी अगदी सभ्यपणे निघाला. मग वेग घेतला. झूल फडफडवत, घुंगरं वाजवत तो उतारानं असा सुटला की समोरून येणाऱ्या स्कूटीवाल्यानं घाबरून पाय टेकले. मी हाक मारायला तोंड उघडलं. पण बायकोनं माझ्या सदऱ्याची बाही अशी धरली की शिवण उसवली.

आणि गल्लीत एक आवाज घुमला.

"पकडा! अरे पकडा ना कोणीतरी! माझा बैल पळाला! ए लाल शर्ट, तुझ्या साइडला आला, पकड!"

एवढा मोठा आवाज त्या एवढ्याशा पोरीत कुठं ठेवला होता, देव जाणे. आपापले बैल सोडून गल्लीतली झाडून सारी पोरं उताराला लागली. सगळ्यांत पुढं आमची नात, हातवारे करत, हुकूम सोडत. बैल पाराला धडकला, उलटला आणि चाकं हवेत भिंगरत राहिली. आम्ही दोघं धापा टाकत पोचलो तेव्हा त्याच्याभोवती पोरांचं कोंडाळं जमलं होतं.

"काहून वं, तुहा बैल एवढा कसा पळते?" लाल शर्टवाल्यानं विचारलं.

"माझ्या आजोबांनी इंजिन लावलंय."

"इंजिन नाही..." मी सुरुवात केली. बायकोनं नुसतं बघितलं. एका शिंगाची बेगड गेली होती, पण पोरांना त्याचं काही नव्हतं. एकजण हसला तेव्हा मला तिचा शाळेतला वर्ग आठवला. नातीनं त्याच्याकडं बघितलं आणि तीही हसायला लागली. पुन्हा एकदा वरून सोडू, असा ठराव झाला. मी पायातली चप्पल सावरून त्यांच्यामागं निघालो, तर ती वळून म्हणाली, "आजोबा, तुम्ही घरी बसा. आम्ही आहोत."

मी घरी जाऊन बसलो. मला इतका आनंद झाला होता की बायकोला म्हणालो, तुझं खरं होतं. ती म्हणाली, "कोणतं? माहं तं सारंच खरं रायते."

दिवेलागणीला नात परतली. फ्रॉकला चिखल, गुडघा खरचटलेला आणि ओरडून ओरडून घसा पार बसलेला. त्या घोगऱ्या आवाजात ती सगळं पहिल्यापासून सांगू लागली. सून कामावरून आली, तिला पुन्हा सांगितलं. मुलगा आला, त्याला पुन्हा. बायको मिठाच्या कोमट पाण्याचा पेला घेऊन तिच्यामागं फिरत होती.

"गुळण्या कर अन् आता गप बस वं बाई, गळा फाटन तुहा!"

सून स्वयंपाकघराच्या दारात डोळ्यांना पदर लावून हसत होती. जूनपासून त्या पोरीला गप बस म्हणायची वेळ आमच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि ती काही केल्या ऐकत नव्हती.