गुणवंताची ताटली

सौंसरमध्ये टीव्ही दुरुस्त करणारे दोघे-तिघे होते, पण पिशवीत पेचकसाबरोबर स्टीलची ताटली घेऊन फिरणारा गुणवंता एकटाच. लोक चिडवायचे, "काय गुणवंता, पंगतीले निघाला का?" तो हसायचा नाही. कोणाकडे चहाला गेला तरी आधी टीव्हीकडे बघणार आणि म्हणणार, "तुमच्या टीव्हीत सगळे लंबूटांगे दिसून राहिले." घरच्यांना तोवर ते जाणवलेलं नसायचं, नंतर मात्र दुसरं काही दिसेना. असा कटकट्या माणूस.

ताटलीचं काम असं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी पडद्यावर एक नक्षी येई, मधोमध मोठं वर्तुळ. गुणवंता ताटली काचेसमोर धरून एक डोळा मिटायचा. वर्तुळ ताटलीसारखं गोल असलं तर चित्र बरोबर. अंड्यासारखं उभट असलं की माणसं काटकुळी, आडवं पसरलं की गलेलठ्ठ. मग मागचं झाकण काढून स्क्रू फिरवत बसायचा. वर्तुळ गोल झाल्याशिवाय तो कोणाच्या घरून उठला नाही. "माणूस जसा हाये तसाच दिसला पाहिजे," हे त्याचं पालुपद.

शहाऐंशीच्या जानेवारीत आमच्या विहाराच्या व्हरांड्यात टीव्ही आला, नागपूरहून आणलेला, जुना. कारण मीना. यमुनाबाईची ही मुलगी शाळेच्या लेझीम पथकातून दिल्लीच्या सव्वीस जानेवारीसाठी निवडली गेली होती. यमुनाबाई संत्र्याच्या बागांमध्ये मजुरीला जाई. नागपूरच्या पुढे तिने काही पाहिलेलं नव्हतं. आपली मुलगी दिल्लीच्या रस्त्यावर नाचणार आणि आपण इथे बसून ती पाहणार, या एका गोष्टीवर तिचे ते दिवस चालले होते. मीनाने निघताना खूण सांगितली होती, "माय, मी पयल्या रांगेत, एकदम काठावर. शोधाचं कामच नाई." ही खूण यमुनाबाईने अख्ख्या मोहल्ल्याला ऐकवली. आदल्या संध्याकाळी गुणवंता टीव्हीच्या मागे डोकं खुपसून बसला होता, तेव्हा त्यालाही ऐकवली. "हो मावशी," तो आतूनच म्हणाला.

चित्र उभट होतं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, वर-खाली चित्र चौकटीच्या आड गेलेलं, मधली माणसं ओढून ताणल्यासारखी. वर्तुळ गोल करायला वाटा दोन. उंची कमी करायची, म्हणजे चित्र लहान होऊन चारही बाजूंनी काळं दिसणार, पण चित्र पूर्ण राहणार. नाहीतर रुंदी वाढवायची, म्हणजे पडदा गच्च भरणार आणि दोन्ही काठ चौकटीच्या आड जाणार. गुणवंताने आधी पहिलं केलं. विहाराचे पुढारी दादाराव लगेच उखडले.

"हे काय? अख्खा टीव्ही आणला, अन् अर्धाच पाहाचा का आम्ही?"

"पडदा भरला तं काठ जातीन, दादाराव."

"काठावर काय असते? झाडं असते. तू पडदा भर."

गुणवंताने पडदा भरला. ताटली धरली. वर्तुळ इतकं गोल आलं की त्याचा चेहरा उजळला. दादारावांचा मला राग येतो, पण त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. गुणवंताचा जास्त येतो. काठ जाणार हे त्याच्याच तोंडून निघालं, आणि मीना काठावर आहे हे त्याच्याच कानांनी ऐकलं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या आणि ताटली समोर असल्यामुळे त्या एकमेकींना भेटल्याच नाहीत.

सकाळी व्हरांडा भरला. यमुनाबाई नवं लुगडं नेसून सगळ्यांत पुढे. लेझीमवाल्या मुली आल्या तेव्हा टाळ्या पडल्या. माणसं खरोखर जशी असतात तशीच दिसत होती, हे मी नाकारत नाही. पहिली रांग समोर आली. काठाच्या मुलीचं कधी कोपर आत येई, कधी लेझमीचं टोक. यमुनाबाई उठली, टीव्हीजवळ गेली आणि चौकटीवर हात ठेवून बाजूने वाकून पाहू लागली, जणू मीना लाकडाच्या आड उभी असावी.

"थांबा मावशी," गुणवंता ओरडला आणि पेचकस घेऊन मागे धावला. झाकण निघेपर्यंत मुली गेल्या होत्या, विमानं आली होती.  

दुपारी केसरबाई आली. ती रघुनाथरावांकडे धुणीभांडी करायची. त्यांचा टीव्ही उभट चित्राचा. गुणवंताला त्यांनी कधी हात लावू दिला नव्हता. "मीना ना? मस्त दिसली," ती म्हणाली, "पार लांबट दिसे तोंड, पण तेच पोट्टी. काठावरच होती." गुणवंता तेव्हा व्हरांड्यातच होता. त्याने ताटली पिशवीत घातली आणि कोणाकडे न बघता निघून गेला. मला तेव्हा राग विसरून त्याची कीव आली.

आठवड्याने मीना आली. सामान खाली ठेवायच्या आधी तिने विचारलं, "माय, दिसली का मी तुले? मी मान वळवली होती, फक्त तुह्यासाठी. सर लय रागावले मले."

यमुनाबाई म्हणाली, "दिसली ना वं. मान वळवली तेबी दिसलं."

गुणवंता दारातच उभा होता, मीनाला भेटायला आलेला. आत आलाच नाही. सरळ विहारात गेला आणि त्याने टीव्हीचं झाकण काढलं. संध्याकाळी आम्ही जमलो तर चित्र लहान झालेलं, चारही बाजूंनी काळं. दादाराव पुन्हा कुरकुरले. या वेळी गुणवंता म्हणाला, "ज्याले पडदा भरून पाहिजे, त्यानं दुसरा मेस्त्री पाहावा." पुढे तो सगळीकडे असंच करू लागला, आणि लोकांनी खरंच दुसरा मेस्त्री पाहिला.

त्या संध्याकाळी यमुनाबाई मात्र पुढे सरकून बसली. बातम्या लागल्या होत्या, कोणत्याशा धरणाच्या. तिने पडद्याचा एक काठ पाहिला, मग दुसरा.

"आता सगळं दिसून राहिलं, गुणवंता," ती म्हणाली.