पहिली गोळी विनायकची

आवाज झाला तेव्हा मी कोळंबी सोलत होते. नेहमीचा फट्‌ असा आवाज नव्हता, पत्र्यावर कुणी घण घालावा तसा होता. मान वर केली तर विनायक जमिनीवर पडलेला, आणि ती जुनी रायफल त्याच्यापासून लांब, मागच्या बाजूने फाटलेली. अरबाब, म्हणजे विनायकचे मालक, खुर्चीतून अर्धे उठून तसेच राहिले होते. मी हात पदराला पुसले आणि मग गेले. हात आधी का पुसले, ते मला अजून सांगता येत नाही. मानेत लोखंडाचा तुकडा शिरला होता. डोळे उघडे होते, पण तो बघत नव्हता. मी "विनू" म्हटलं, एकदाच. अरबाब अरबीत काहीतरी बोलत होते, देवाचंच असावं. अ‍ॅम्ब्युलन्स आली, त्याला घेऊन गेली, दवाखान्यातून फोनही आला. पण जे फोनवर सांगितलं ते मला मळ्यावरच्या छपराखालीच कळलं होतं. कोळंबी तशीच राहिली. मांजरांनी खाल्ली.

त्याला आता महिना होऊन गेला. रडलीस का, असं गावाहून फोनवर सगळ्या विचारतात. नाही रडले. रडू आलं नाही.

विनायक माझा धाकटा भाऊ. आमचे वडील कुडाळजवळ ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचे. डुकरं आणि वानरं शेताची वाट लावतात म्हणून लोकांकडे परवान्याच्या बंदुका असायच्या, त्या आमच्या पडवीत भिंतीला टेकून उभ्या असत. शाळा मी चौथीत सोडली, पण बंदुकीच्या दारूचा वास मला पाटीच्या वासाइतकाच ओळखीचा होता. विनायकने वडिलांचं काम उचललं. नव्वदनंतर कधीतरी माझा मुलगा सुनील नोकरीला शारजाला आला, त्याच्या मागोमाग ओळखीतून विनायकही आला. कामही तसंच मिळालं. अजमानच्या पुढे एका म्हाताऱ्या अरबाबांचा मळा आहे. त्यांच्याकडे वडिलांच्या, आजोबांच्या वेळच्या रायफली होत्या, सगळ्या परवान्यासकट. ईदला भाऊबंद मळ्यावर जमायचे आणि निशाण लावून गोळ्या झाडायचे. त्या रायफलींची काडतुसं आता कुठे मिळत नाहीत. ती घरीच भरावी लागतात. तेवढ्यासाठी विनायक. बाकीचे दिवस तो मळ्यातला पंप, गाड्या, कुंपण बघायचा. लग्न केलं नाही. जेवताना मचमच करायचा, हजारदा सांगून सोडलं नाही. उगाच मेलाय म्हणून चांगलंच लिहायचं, असं मी करणार नाही.

मीही सुनीलकडे शारजातच राहते; शुक्रवारी तो मला अल नहदाच्या घरून मळ्यावर सोडायचा. मी त्या दोघांना मासे करून घालायचे. अरबाब मला उम सुनील म्हणायचे, म्हणजे सुनीलची आई. नाव घेत नसत, तिकडे तशी रीत आहे. विनायकशी त्यांचं बोलणं मोडक्या हिंदीत चालायचं. दोघं एकमेकांवर ओरडायचे आणि मग एकत्र बसून गाहवा प्यायचे. ही त्यांची बिनदुधाची, वेलदोडे घातलेली कॉफी. दांडी नसलेल्या इवल्या कपात देतात, आणि कप हलवून परत केला नाही तर पुन्हा ओततात. किती वर्षं झाली तरी विनायक कप हलवायला विसरायचा. अरबाब मुद्दाम ओतत राहायचे.

"हलव रे मेल्या तो कप," मी म्हणायचे.

"रवांदे गो बाय. म्हातारो खूश होता, होवंदे."

आता काडतुसाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पितळेची एक नळी. तिच्या बुडाला ठिणगी देणारी टिकली, आत पावडर, वरून शिशाची गोळी दाबून बसवलेली. शिसं विनायक स्वतः वितळवायचा, साच्यात ओतायचा. शिशाची गोळी मऊ. तिला फार जोराचा दणका बसला तर शिसं रायफलीच्या नळीत खरवडून चिकटतं आणि नेम जातो. म्हणून तिला हळू ढकलणारी पावडर लागते. पण हळू ढकलणाऱ्याही निरनिराळ्या असतात. वडील वापरायचे ती काळी दारू. धूर करते, आणि रायफलीची नळी उकळत्या पाण्याने धुतली नाही तर गंज चढतो. विनायकने इथे आल्यावर एक भरड पावडर निवडली होती, चहाच्या जाड पत्तीसारखी. तिने काडतुसाची नळी जवळजवळ काठापर्यंत भरायची. चुकून दोनदा घातली तर उतू जाऊन फळीवर सांडणार. म्हणजे चूक आपोआप दिसणार. तो म्हणायचा, ही पावडर शहाणी आहे, ती स्वतःच सांगते. सुरुवातीला तो प्रत्येक नळीत टॉर्च मारून बघायचा. टॉर्च भिंतीला खिळ्यावर टांगलेला असे. पुढे बघेनासा झाला. बघायची गरजच नव्हती.

आणखी एक रीत होती, ती त्याने वडिलांकडून आणली होती. नवी काडतुसं भरली की पहिली गोळी भरणाऱ्याने झाडायची. दुसऱ्याच्या हातात नंतर. मी त्याला म्हटलं होतं, आपण नैवेद्याचं चाखत नाही आणि तू आधी स्वतःच चाखतोस. तो म्हणाला, "देवाक विष चढणा नाय. माणसाक चढता." अरबाबांना हे आवडायचं नाही. त्यांच्या बापाची रायफल, पहिला मान त्यांचा. पण विनायक ऐकायचा नाही, आणि शेवटी ते हसून खुर्चीत मागे बसायचे. "यल्ला, मुदीर," म्हणायचे. यल्ला म्हणजे चल, मुदीर म्हणजे साहेब.

गेल्या वर्षी अरबाबांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने सांगितलं, बंदूक विसरा. त्यांच्या मुलांना तर हवंच होतं. मुलं दुबईत राहतात, मळा विकायचं त्यांच्या मनात होतं. मोठा मुलगा एकदा आला आणि मोडक्या हिंदीत विनायकला म्हणाला, ईदला बाबा निशाणबाजीला उभे राहिले तर ठीक, नाहीतर रायफली म्युझियमला देऊन टाकू. मग वर्कशॉप खलास. तोंड वाईट नव्हतं त्याचं, सरळ सांगितलं. वर्कशॉप खलास म्हणजे व्हिसा खलास, हे विनायकला कुणी सांगायची गरज नव्हती. पण मला वाटतं, त्याला व्हिसापेक्षा त्या म्हाताऱ्याचंच जास्त लागलं होतं. अरबाब ऑपरेशननंतर रोज छपराखाली येऊन बसायचे आणि चांगल्या हाताने रायफल पुसायचे. नुसती पुसायचे.

मग विनायकने पावडर बदलायचं ठरवलं. बारीक, झटकन पेटणारी एक जात असते. ती चिमूटभर पुरते. थोडी घातली की शिशाची गोळी निघते, नेमही राहतो आणि खांद्याला धक्का अगदी कमी. मला तो डबा उघडून दाखवला. मिरपुडीसारखी दिसली.

"एवढीशीच?" मी विचारलं. "नळी रिकामीच दिसते."

"तसाच असता. खांद्याक लागाचा नाय. म्हातारो उभो रवतलो बघ ईदीक."

"आणि दोनदा पडली तर?"

"मी काय खुळो?" म्हणाला आणि हसला.

खुळा नव्हता. हे मी त्याच्या बाजूने सांगत नाही. जे होतं ते सांगते.

त्या शुक्रवारी सकाळी तो लाकडी ठोकळ्यात नळ्या उभ्या करून पावडर घालत होता. मी नळावर मासे धूत होते. ईद जवळ आलेली. पहिली ओळ भरून झाली आणि कुणी पाहुणे आले, अरबाबांचे जुने स्नेही. अरबाबांनी हाक मारली, "विनायक, यल्ला, गाहवा!" पाहुण्यांसमोर गाहव्याला नाही म्हणत नाहीत. तो उठला, ठोकळा तसाच ठेवून गेला. तिकडे मोठमोठ्याने बोलणं, हसणं चाललं होतं. नेहमीसारखा तो कप हलवायला विसरला, नेहमीसारखं त्याला पुन्हा पुन्हा ओतत राहिले. अरबाब पाहुण्यांना अभिमानाने सांगत होते की या माणसाने माझ्या खांद्यावर औषध काढलंय. पाहुणे गेले. तो हात चोळत परत आला, खूश होता, आणि बसून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

हे मी पाहिलं नाही. नंतर पोलिसांच्या माणसाने उरलेली काडतुसं उघडली, तेव्हा पहिल्या ओळीतल्या सगळ्यांत पावडर दुप्पट निघाली. पुढच्या ओळींत बरोबर होती. जुन्या पावडरीने फळीवर सांडून सांगितलं असतं. ही काही बोलली नाही. टॉर्च खिळ्यालाच होता.

गोळ्या बसवून झाल्यावर अरबाब उठले. म्हणाले, "आज मैं पहला. खांदा ठीक, पावडर ठीक. इन्शाल्ला." त्यांनी रायफल हातात घेतलीसुद्धा होती. विनायकने ती काढून घेतली.

"नो अरबाब. पहला मैं. तुम बैठो, उम सुनील का मछली खाओ, फिर तुम."

"तुम बहुत जिद्दी आदमी," अरबाब म्हणाले आणि बसले.

मी कोळंबीकडे वळले...

नंतर पोलीस, कागद, विमान. सुनीलने सगळं धावपळ करून केलं. गावी अग्नी दिला. परत आल्यावर अरबाब अल नहदाला आमच्या घरी आले. लिफ्टने वर यायला त्यांना दोघांनी धरलं होतं. सोफ्यावर बसले. सुनेने चहा दिला, तो प्यायले, आणि रिकामा कप बराच वेळ हातात हलवत राहिले. माझ्या नातीने त्यांच्यासमोरच विचारलं, "आजी, वॉज इट व्हेरी लाउड?" सुनेने तिला आत नेलं. मी "हो" म्हटलं. मोठाच होता.

जाताना त्यांनी विनायकचं सामान एका पिशवीत दिलं. कपडे, चष्मा, दाढीचं, आणि तो टॉर्च. कपडे गावी पाठवले. टॉर्च मी स्वयंपाकघरात खिळा ठोकून टांगलाय. सून म्हणते, आई, इथे एवढा उजेड आहे, कशाला हवा? फोडणी घातली, दाराची बेल वाजली, जाऊन परत आले, की मी टॉर्च काढते आणि पातेल्यात बघते. मीठ घातलेलं टॉर्चने दिसत नाही, हे मलाही कळतं. तरी बघते. सेल अजून तेच आहेत, त्याने घातलेले.

रायफली म्युझियमला गेल्या. मळा विकायला काढलाय. त्या दिवशी छपराखाली आम्ही तिघं होतो. अरबाब वाचले. मी वाचले.