सावत्र आई हजर

तुरुंगात त्याला सगळे किल्ली म्हणत. कुलूप कसलंही असो, गडी केसांच्या आकड्याने ते उघडणार आणि हमखास पकडलाही जाणार! दर खेपेला कोणी ना कोणी समुपदेशक त्याची कर्मकहाणी विचारायला येई आणि किल्ली आपली सावत्र आई ऐकवी. ही बया म्हणे त्याला उपाशी ठेवायची, लाटण्याने बडवायची, थंडीत दाराबाहेर काढायची. ऐकणाऱ्याचे डोळे भरून आले की शिक्षा थोडी कमी होई.

आता मुदतीआधी सुटायचा अर्ज होता. समोर तीन जणांची समिती आणि समुपदेशक बाई नवी, भलतीच चिवट. तिने थेट घरच्यांनाच बोलावणं धाडलं. किल्ली खोलीत शिरतो, तर खुर्चीत साक्षात आई! सख्खी, ऐंशीची, कडक इस्त्रीच्या कपड्यांत.

बाईने त्याने सांगितलेला सगळा छळ वाचून दाखवला. म्हातारीने तो निमूट ऐकला आणि शेजारच्या शिपायाला हळूच विचारलं, की असं असलं तर सोडतात का? तो हो म्हणाला. तशी ती उठून उभी राहिली.

"मीच ती सावत्र. फार मारलं मी ह्याला. सोडा त्याला."

समितीच्या माना हलल्या. आता नुसतं गप्प बसलं की संध्याकाळी घर! पण जिने उभ्या जन्मात चापटसुद्धा मारली नाही, ती चारचौघांत स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेत होती. किल्लीला ते काही सोसेना.

"खोटं बोलतेय ती. सख्खी आहे माझी."

मग चोऱ्या कशाला केल्यास, असं बाईने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा किल्ली अडखळला. म्हणाला, आम्ही पाच भावंडं, मी मधला. मला हाक मारायची तर आई आधी बाकीच्या चौघांची नावं घ्यायची. एकदा कपाटाची चावी हरवली, मी आकड्याने कपाट उघडलं, तर बाबांनी खांद्यावर घेऊन गल्लीभर मिरवलं. तसं पुन्हा कोणी मिरवलं नाही. अजून कुलूप उघडलं की मी जरा दारातच घुटमळतो, कोणी बघितलं का म्हणून. तिथेच धरतात.

अध्यक्षांना हसू आवरेना. पण थापा मारल्याबद्दल अर्ज सहा महिने पुढे ढकललाच.

खोलीबाहेर आल्यावर आई त्याच्यावर उखडली, सुटला असतास की रे गाढवा! मग त्याचा हात धरून बाकावर बसली.

"तू कधी रडायचा नाहीस रे," ती म्हणाली. "मला वाटायचं, ह्याचं सगळं ठीक आहे."